वेढा आणि पाटी

दिवाळी अंकातल्या टीकालेखाने वर्षभरातल्या कथा-कादंबऱ्यांचा परामर्श घ्यावा, फार तर एखाद्या विस्मृत कवीची नव्याने ओळख करून द्यावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. फराळाचे ताट बाजूला सारून वाचक अंक उघडतो तो चार घटका निवांतपणासाठी. त्याच्यापुढे दुखणी-खुपणी मांडू नयेत, हा त्यामागचा संकेत मला मान्य आहे. तरीही यंदा मी ज्या दोन पुस्तकांविषयी लिहिणार आहे, त्या ना कादंबऱ्या आहेत, ना कवितासंग्रह. दोन अमेरिकन आयांनी आपापल्या घरात आपापल्या लेकरांना एकेक शब्द आणि एकेक हालचाल कशी शिकवली, त्याच्या त्या हकिकती आहेत. ही मुले स्वमग्न होती. ज्याला इंग्रजीत 'ऑटिझम' म्हणतात, ती ही अवस्था.

असल्या पुस्तकांना समीक्षेचे निकष लावू नयेत, असे म्हणणारे बरेच भेटतात. एका आईने आपले काळीज उघडे केले आहे, तिथे घाट कसला आणि शैली कसली पाहायची, असा त्यांचा सूर असतो. मला नेमके उलट वाटते. वाईट कादंबरी वाचून वाचकाची एक संध्याकाळ फुकट जाते. पण असले पुस्तक वाचून एखादे घर आपली पुढची पाच वर्षे कशी काढायची, पैसा कुठे घालायचा आणि आशा कशाची धरायची, हे ठरवीत असते. ज्या पुस्तकावर माणसे विसंबतात, त्याची पारख अधिक काटेकोर व्हायला हवी.

हे मला सुचायला एक कारण घडले. माझ्या भाचीचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि चांगल्या थेरपिस्टकडे जागा मिळण्यास वेळ लागेल हे कळल्यावर, घरीच शिकवण्याला आरंभ करावा असे त्या दोघा नवराबायकोंनी ठरवले. कोणा मैत्रिणीने तिला ही दोन पुस्तके आणून दिली. तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही एवढं वाचता. ही वाचा आणि मला सांगा, ही खरी आहेत का?" समीक्षकाला विचारण्याजोगा याहून मोठा प्रश्न नसेल. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

पुस्तकांकडे वळण्यापूर्वी शब्दाविषयी थोडे. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी घडवला तो दुसऱ्याच संदर्भात, आणि त्याचे मूळ 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. १९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून तो या बालकांना कायमचा चिकटला. मराठीने त्याला 'स्वमग्नता' केले. शब्द देखणा आहे, पण निर्मळ नाही. आपल्याकडे माणूस ध्यानमग्न होतो, आनंदमग्न होतो. मग्न होणे ही त्याने स्वखुशीने मारलेली बुडी असते. म्हणून 'स्वमग्न' म्हटले की, मूल जाणूनबुजून आपल्याकडे पाठ करून बसले आहे, असा ध्वनी उमटतो. हा ध्वनी केवळ मराठीतलाच नाही. पुढे ज्या रूपकांविषयी मला बोलायचे आहे, ती सारी त्याच्याच पोटी जन्मली.

मूल पाठ फिरवून बसले असेल तर ते कोणामुळे? विसाव्या शतकाच्या मध्यावर याचे उत्तर मोठ्या अधिकारवाणीने दिले जाई: आईमुळे. आईच्या कोरडेपणामुळे मूल गोठते, असे शिकल्यासवरलेल्या माणसांनी लिहून ठेवले आहे. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, या मताची चिरफाड केली आणि हा दोष मेंदूच्या घडणीत शोधावा असे साधार मांडले. आज तेच मान्य झाले आहे. यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे आणि आईच्या मायेचा याच्या कारणांशी संबंध नाही. पण मते एका दिवसात मरत नाहीत. १९६७ साली शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी आईबापांनाच जबाबदार धरणारा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'द एम्प्टी फोर्ट्रेस', म्हणजे रिकामा किल्ला.

आणि योगायोग असा की, त्याच १९६७ साली क्लारा क्लेबोर्न पार्क या बाईंचे पुस्तक आले, त्याचे नाव 'द सीज', म्हणजे वेढा. एकाच वर्षी एक किल्ला आणि एक वेढा! पहिला ग्रंथ त्या काळी फार गाजला. दुसरे पुस्तक एका घरात लिहिले गेले आणि घराघरांत वाचले गेले. आज पहिल्याकडे एक चूक म्हणून पाहिले जाते आणि दुसऱ्याला वाचक अजून मिळतो.

पार्कबाई मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउन या कॉलेजच्या गावात राहत. पती पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, स्वतः इंग्रजी शिकवणाऱ्या. १९५८ साली त्यांना चौथे अपत्य झाले. पुस्तकात त्या मुलीला त्यांनी एली म्हटले आहे. पुस्तक उघडते ते एका चित्राने: रांगणारे एक मूल जमिनीवरच्या एका ठिपक्याभोवती गोल गोल फिरते आहे आणि आपल्याशीच हसते आहे. त्याला कोणाची गरज नाही. चित्र सुंदर आहे. तेच त्याचे भय आहे. इथे लेखिकेने अश्रू ढाळलेले नाहीत, नशिबाला बोल लावलेला नाही. आधी पाहायचे, मग म्हणायचे, ही या पुस्तकाची शिस्त पहिल्या पानापासून शेवटपर्यंत टिकते.

या शिस्तीचा उत्तम नमुना म्हणजे पाण्याच्या नळाची हकिकत. मुलीच्या हातांत जोर होता, पण नळ सोडायची वेळ आली की तिचे हात लुळे पडत. आईने तिचा हात नळावर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला आणि नळ फिरवला. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. दर वेळी आईने आपल्या हाताचा दाब किंचित कमी केला. असे करता करता नळ मुलगीच फिरवू लागली. त्या काळी पार्कबाईंपुढे वर्तनोपचाराचा कोणताही अभ्यासक्रम नव्हता. आज शिकवणाऱ्यांच्या भाषेत ज्याला 'मदत देणे आणि ती हळूहळू काढून घेणे' म्हणतात, ते त्यांनी आपल्या न्हाणीघरात, निव्वळ निरीक्षणाने शोधून काढले.

त्यांनी आपल्यासारख्या आईबापांना 'हौशी' म्हटले आहे आणि त्यांच्यासमोर 'व्यावसायिक' उभे केले आहेत. मराठी वाचकाला हा भेद रंगभूमीमुळे चांगला परिचयाचा आहे. हौशी नट चुकतो, अडखळतो. पण त्याचा जीव प्रयोगात असतो. घर आईच्या हाती दिवसाचे चोवीस तास असते. तज्ज्ञाच्या हाती आठवड्याचे काही तास. मात्र त्यांनी तज्ज्ञांवर सरसकट टीका केलेली नाही. आपल्या देशातल्या एका संस्थेत त्यांना जो थंडपणा अनुभवास आला तो त्या सांगतात, आणि लंडनला हॅम्पस्टेड क्लिनिकमध्ये जे साहाय्य मिळाले तेही तितक्याच मोकळेपणाने सांगतात. हा समतोल मला या पुस्तकाचा मोठा गुण वाटतो.

पण शीर्षकाशी माझे भांडण आहे. वेढा! वेढा म्हणजे रसद तोडणे, बाहेर तळ ठोकून बसणे, आतला केव्हा शरण येतो याची वाट पाहणे. मराठी माणसाच्या मनात या शब्दाने काय उभे राहते? १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेला वेढा. त्या गोष्टीत आपण कोणाच्या बाजूने असतो? गडाच्या आतल्यांच्या. बाहेर तळ देऊन बसलेल्या सरदाराची चिकाटी कितीही वाखाणण्याजोगी असली, तरी आपला जीव गुंतलेला असतो तो पावसाळी रात्री विशाळगडाच्या वाटेला लागलेल्या पालखीत. आपण वेढा आतून वाचत आलो आहो. म्हणून हे शीर्षक पाहताच मराठी वाचकाच्या मनात जो प्रश्न सहज यावा, तो इंग्रजी वाचकाच्या मनात कदाचित उशिरा आला: गडाच्या आत जे मूल आहे, त्याला हे सारे कसे दिसत असेल?

पार्कबाईंच्या मधल्या प्रकरणांची नावेही याच रूपकातून आली आहेत. मुलीचा अशक्तपणा, तिचे आंधळेपण, तिचे बहिरेपण ही सारी तिने जणू इच्छेने पत्करलेली आहेत, असे ती नावे सुचवतात. आजच्या ज्ञानाने पाहता हे खरे नव्हे. हात लुळे पडत ते हट्टाने नव्हे. मेंदूतून हाताकडे जाणारी वाटच वेगळी होती. तरी नवल असे की, रूपक चुकले असूनही आचरण चुकलेले नाही. या आईने रसद तोडली नाही. तिने हातावर हात ठेवला आणि तो उचलला. पुस्तकाचे शीर्षक एक सांगते आणि त्यातला नळ दुसरेच सांगतो. अशा वेळी वाचकाने नळावर विश्वास ठेवावा.

दुसऱ्या पुस्तकाकडे जाण्याआधी मधला एक टप्पा ओलांडावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉस एंजेलिसला आयव्हार लोव्हास नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. मूल मनात काय विचार करते ते सोडा, ते काय करते आणि केल्यावर त्याला काय मिळते ते पाहा, हा त्यांचा खाक्या. कोणतेही काम बारीक तुकड्यांत तोडायचे. एक सूचना द्यायची. मुलाला जमेल इतकी मदत करायची. जमले की तत्काळ खाऊ किंवा शाबासकी द्यायची. किती वेळा जमले ते लिहून ठेवायचे. या शिकवणीची सुरुवातीची वर्षे कठोर होती. १९६५ साली अमेरिकेतल्या 'लाइफ' साप्ताहिकाने तिथली छायाचित्रे छापली. त्यांत ओरडणे होते, चापट होती, विजेचा धक्काही होता. तेव्हा 'वेढा' हे रूपक नुसते रूपक राहिले नव्हते.

१९८७ साली लोव्हास यांनी आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. चार वर्षांच्या आतली १९ मुले. आठवड्याला ४० तास, दोन किंवा अधिक वर्षे शिकवणी. ती बहुतांशी मुलांच्या घरीच, आईवडिलांना हाताशी धरून. त्यांतली ९ मुले पुढे सर्वसाधारण मुलांच्या वर्गात पहिली पार झाली आणि त्यांची बुद्धिमापनेही सर्वसाधारण आली. ज्यांना थोडी शिकवणी मिळाली वा ही शिकवणी मिळालीच नाही, अशा ४० मुलांत हे एकालाच साधले. आकडे दिपवणारे होते. आक्षेपही निघाले: मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि या शिकवणीत मांडीवर चापट मारणे हाही एक उपाय होता. त्यानंतरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांनी सांगितले आहे की, अशा शिकवणीने पुष्कळ मुलांना रोजच्या व्यवहारात फायदा होतो. पण पुरावा जितका भक्कम हवा तितका नाही, आणि एका मुलाला जे लाभले ते दुसऱ्याला लाभेलच असे नाही.

या निबंधाच्या प्रकाशात १९९३ साली 'लेट मी हियर युअर व्हॉइस' हे पुस्तक आले. नावाचा अर्थ 'तुझा आवाज मला ऐकू दे'. लेखिकेने कॅथरीन मॉरिस हे टोपणनाव घेतले आहे. फ्रेंच साहित्याच्या या विदुषीची मुलगी दोन वर्षांच्या सुमारास स्वमग्न ठरली, आणि पुढे धाकटा मुलगाही. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरी वर्तनोपचार शिकणारी एक तरुण विद्यार्थिनी येऊ लागली, बोलणे शिकवणाऱ्या एक बाई येऊ लागल्या, आणि आईवडील उरलेला दिवस तेच शिक्षण चालू ठेवू लागले. दोन्ही मुले, पुस्तकाच्या शब्दांत, बरी झाली.

या पुस्तकाने किती घरांत छोटी टेबले मांडली गेली असतील, याची गणती कोणी करू शकणार नाही. घरी शिकवणे सुरू करणाऱ्या आईबापांचे ते जवळजवळ पोथीच झाले. १९९६ साली लेखिकेने इतर दोघांसह संपादित केलेले मार्गदर्शक पुस्तकही निघाले. याचे श्रेय लेखणीला द्यायलाच हवे. मॉरिसबाईंना सुरुवातीला या पद्धतीचा तिटकारा होता. आपल्या बाळाला सर्कशीतल्या प्राण्यासारखे शिकवणार की काय, ही त्यांची भीती पुस्तकात लपवलेली नाही. मुलगी रडते आहे आणि आई तळमळते आहे, हे प्रसंग वाचताना घशाशी आवंढा येतो. आईने मुलाला घट्ट मिठीत धरून ठेवावे म्हणजे तुटलेला धागा जुळेल, असा एक उपचार त्या काळी निघाला होता. तो त्यांनी केला, काही काळ त्याची बाजूही घेतली, आणि पुढे त्याचा फोलपणा स्वतःच उघड केला. मला ही पाने पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटतात. आईचा दोष आहे असे म्हणणारी विद्या आणि आईच्या मिठीने सारे बरे होईल असे म्हणणारी विद्या, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या पानांवरून कळते.

मग खटकते काय? घाट खटकतो. उपशीर्षकातच 'ऑटिझमवर एका कुटुंबाचा विजय' अशी द्वाही फिरवली आहे. विजयकथा म्हटली की शत्रू हवा, रणांगण हवे आणि शेवटी नौबत झडली पाहिजे. हा घाट एकदा स्वीकारला की, प्रत्येक प्रसंग विजयाच्या दिशेने तोंड करून उभा राहतो. मुलीने एक शब्द उच्चारला की तो शब्द तिला त्या क्षणी किती उपयोगी पडला, याहून ती 'आपल्याकडे' किती पावले आली, हे महत्त्वाचे ठरते. लेखिका खोटे बोलते, असे मी म्हणत नाही. तिच्या घरी जे घडले ते तिने लिहिले. पण पुस्तकाचा घाट घडलेल्या गोष्टीला नियमाचे रूप देतो, आणि तिथे वाचक फसतो. लोव्हास यांच्या त्या १९ मुलांत ९ जणांना जे साधले ते १० जणांना साधले नाही. मॉरिसबाईंचे पुस्तक त्या नवांचे आहे. उरलेल्या दहा घरांतही आई तितकीच पहाटे उठली असेल, वडिलांनी तितक्याच नोंदी केल्या असतील. विजयकथेच्या शेवटाजवळ या दहा आया स्वतःला काय म्हणत असतील? 'मीच कुठे कमी पडले.' म्हणजे बेटलहाइमांनी पुढच्या दाराने जो दोष आणला होता, तो मागच्या दाराने पुन्हा घरात आला.

पार्कबाईंचे पुस्तक त्या दहांचे आहे. त्यांची मुलगी 'बरी' झाली नाही, ती वाढली. माझ्या लेखी हा दोन पुस्तकांतला खरा भेद आहे.

आता भाचीच्या घरी काय चालते ते सांगतो, कारण पुस्तके ज्याविषयी आहेत ती गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्यांची पारख करणे मला बरे वाटेना. पहिल्या आठवड्यात थेरपिस्टबाईंनी काहीच शिकवले नाही. त्या मुलाशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्याला काय आवडते ते वहीत लिहीत राहिल्या: स्टीलच्या डब्याचे झाकण गरगर फिरवणे, साबणाचे फुगे, कुरमुरे. दुसऱ्या आठवड्यापासून फुग्यांची बाटली घट्ट लावलेली असे. तो बाईंचा हात ओढी, बाई थांबत, 'फू' असा नुसता श्वास निघाला तरी फुगा उडे. मग हात धुण्याचा पाठ आला. बाह्या वर, नळ, पाणी, साबण, चोळणे, धुणे, नळ बंद, पुसणे: आठ पायऱ्या. गंमत अशी की शिकवायला आरंभ शेवटच्या पायरीपासून. सात पायऱ्या आईने हात धरून करायच्या आणि पुसणे त्याचे त्याने. म्हणजे दर वेळी काम त्याच्या हातून पुरे होते. मग नळ बंद करून पुसणे त्याचे, असे मागे मागे जायचे. दहांपैकी किती वेळा मदतीवाचून जमले, याच्या खुणा वहीत. खरी अडचण आजीची होती. मागण्याआधी नातवाच्या हातावर कुरमुरे ठेवणे हा तिचा जन्मसिद्ध हक्क! 'फू' म्हटल्यावर द्या, इतकेच तिला सांगायला दोन दिवस लागले. पुढे तीच सर्वांत कडक शिक्षिका झाली. घरचा वर्तनोपचार म्हणजे साऱ्या घराने एक भाषा बोलणे, हे मला तिथे कळले.

हे सारे पाहताना मला वेढा कुठेच दिसला नाही. दिसली ती पाटी. आपल्याकडे मूल लिहायला कसे शिकते? पाटीवर ठळक 'ग' काढून देतात, मुलाची बोटे आपल्या मुठीत घेतात आणि त्याच्याकडून तो गिरवून घेतात. हात धरलेला असतो तो सोडण्यासाठी. किती घट्ट धरायचा आणि केव्हा सैल करायचा, यातच शिकवणाऱ्याचे कसब. आधी सोडला तर रेघ भरकटते; सोडलाच नाही तर अक्षर बाईंचे राहते, मुलाचे होत नाही. पार्कबाईंचा नळ, हात धुण्याच्या आठ पायऱ्या, 'फू' हा श्वास, हे सारे गिरवणेच आहे.

पण रूपक आवडले म्हणून त्याला मोकळे सोडू नये. पाटीवर अक्षर कोणते काढायचे, हे बाईच ठरवतात. इथे १९९३ सालातली दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या वर्षी एका आईने 'तुझा आवाज ऐकू दे' म्हणून पुस्तक लिहिले, त्याच वर्षी स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांचा 'आमच्यासाठी शोक करू नका' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध झाला. तो ज्या पत्रिकेत आला तिचे नाव होते 'अवर व्हॉइस': आमचा आवाज! त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, स्वमग्नता ही भिंत नाही आणि तिच्यामागे दुसरे कोणी सामान्य मूल दडलेले नाही; आईबाप रडतात ते जे मूल आलेच नाही त्याच्यासाठी, आणि जे आले आहे ते मात्र समोर वाट पाहत उभे असते. गडाच्या आतून बाहेर आलेली ही जासुदाची थैली आहे. ती उघडून वाचल्याशिवाय कोणत्याही घराने शिकवणे सुरू करू नये, असे मला वाटते.

लहानपणी अशी शिकवणी घेतलेली जी माणसे आज मोठी झाली आहेत, त्यांच्यापैकी अनेकांनी आपली गाऱ्हाणी मांडली आहेत. डोळ्यांत डोळे घालून पाहायला लावले, हात फडफडवू दिले नाहीत, 'नको' म्हटलेले कोणी ऐकले नाही. यावर रागावण्यात अर्थ नाही. यातून पाटीवरचे अक्षर निवडायला शिकावे. मूल हात फडफडवते त्याने कोणाचे काय बिघडते? तो धडा पाटीवर नको. भूक, तहान, शू, दुखते आहे, पुरे: ही अक्षरे आधी हवीत. भाचीच्या घरी थेरपिस्टबाईंनी 'पुरे' साठी एक तांबडे कार्ड केले. मुलाने ते पुढे केले की पाठ थांबतो, मग दहांतल्या चारच खुणा झालेल्या असोत. पहिल्या दिवशी त्याने ते सोळा वेळा पुढे केले. भाचीचा नवरा हिरमुसला. पण मला वाटले, या घरात ऐकू आलेले हे त्याचे पहिले मत आहे.

आपल्याकडच्या परिस्थितीत आठवड्याचे चाळीस तास ही चैन आहे. थेरपिस्टची फी परवडत नाही आणि लहान गावांत थेरपिस्टच नसतो. दिल्लीच्या 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' या १९९१ साली निघालेल्या संस्थेने आईवडिलांनाच शिकवण्याचा मार्ग धरला, तो म्हणूनच शहाणपणाचा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यातही झाला. पण कायदा घरी येऊन पाटी धरीत नाही. ती धरते आई, आणि आईला पुस्तकाचा आधार लागतो. मराठीत तो अधिक यायला हवा. त्या पुस्तकात विजय नसला तरी चालेल. आजी असावी, कुरमुरे असावेत, आणि ज्या महिन्यात वहीत एकही नवी खूण पडली नाही, तो महिनाही असावा.

तेव्हा ही पुस्तके खरी आहेत का? दोन्ही खरी आहेत, पण मधल्या पानांत. मॉरिसबाईंचे पुस्तक वाचावे ते आईच्या धैर्यासाठी आणि मिठीच्या उपचाराविषयीच्या त्या कबुलीसाठी. शेवट बाजूला ठेवून. पार्कबाईंचे वाचावे ते पाहण्याच्या शिस्तीसाठी; शीर्षक बाजूला ठेवून. आणि ज्याला शक्य असेल त्याने पार्कबाईंचे दुसरे पुस्तक, २००१ साली आलेले 'एक्झिटिंग निर्वाणा', हेही वाचावे. एली तिथे आपल्या खऱ्या नावाने भेटते, जेसी म्हणून. ती विल्यम्स कॉलेजच्या टपालखोलीत काम करते आणि चित्रे काढते: घरे, पूल, विजेच्या शेगड्या, रंग असे की इंद्रधनुष्याने हेवा करावा, आणि वरच्या आभाळात तारे अगदी बिनचूक जागी. ही चित्रे तिला कोणी गिरवायला दिलेली नव्हती. आईचा हात तोवर केव्हाच निघालेला होता.